टिकलीचं पाणी

आबांनी मला खोली दिली ती माझ्या हातांचा वास घेऊन.

हिवतापाच्या खात्यात मी नवा लागलो होतो. नेमणूक भूम तालुक्यात होती आणि ईटच्या पलीकडच्या एका गावात मुक्काम करायचा होता. दोन घरांत 'जागा न्हाय' असं ऐकून झालं होतं. दोन्ही घरांत जागा होती. तिसरं घर आबांचं. साठीचा उंच, वाळका माणूस, गळ्यात तुळशीची माळ, ओट्यावर बसून जुन्या धोतराची चौकोनी फडकी फाडत होता. मी सवयीप्रमाणं आधीच सांगून टाकलं, "मी बौद्ध आहे. मागून कटकट नको."

"ते कुणी इचारलं?" आबा म्हणाले. "काम काय करता?"

"मलेरियाचं. फवारणी करायची, तापकऱ्यांचं रक्त तपासायला घ्यायचं."

ते उठून जवळ आले, माझे दोन्ही हात मनगटाला धरून वर उचलले आणि नाकापाशी नेले. बैल विकत घेणारासुद्धा इतकं बारकाईनं बघत नाही.

"तेल," ते म्हणाले. "आन् ती तुमची पांढरी पावडर. किती बी धुतलं तरी जायाची न्हाय." मग हात सोडून दिले. "खोली घ्या. पर एक सांगतो. आमच्या पाण्याला हात लावायचा न्हाय. रांजण, घागर, बादली, कशालाच. पायजे तवा आक्काला हाक मारा. ती वाढंल."

हे शेवटचं वाक्य मला पाठ होतं. लहानपणी आमच्या गावात ते मी इतक्या तोंडांतून ऐकलं होतं की ते कुठल्या सुरात म्हणतात तेसुद्धा मला माहीत होतं. आबांचा सूर तसा नव्हता. पण सूर नसला म्हणून काय झालं, शब्द तेच होते. आधी वास, मग अट. हा माणूस हुशार आहे, हातातल्या तेलाचं निमित्त करतोय, असं मी मनाशी ठरवलं आणि ट्रंक आत ठेवली.

आक्का म्हणजे आबांची विधवा बहीण. ती मला पाणी द्यायची ते वरून, ओंजळीत. तांब्या माझ्या हाताला लागणार नाही एवढं अंतर तिला सवयीनं जमायचं. दोन दिवस मी तसा प्यालो. तिसऱ्या दिवशी गावाच्या कडेला, नदीच्या अंगाला असलेल्या आमच्या लोकांच्या वस्तीवर गेलो. तिथल्या एका म्हातारीला मी आत्या म्हणू लागलो आणि तिच्या दारासमोरच्या आडाचं पाणी संध्याकाळी माझ्या घागरीत आणू लागलो. आबांनी ते बघितलं. पण आठवडाभरात मला दिसलं की पोस्टमन ओट्यावर आला की खुशाल रांजणात तांब्या बुडवून पाणी पितो. पोस्टमनच्या हाताचा वास कुणी घेतला नव्हता. ते मी लक्षात ठेवलं.

आबा निजामाच्या काळापासून नदीवर नोकरीला होते. नदीच्या डोहात खुणांची एक लोखंडी पट्टी रोवलेली होती. पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलंय ते रोज सकाळी बघायचं आणि लिहून कळवायचं, एवढंच काम. राज्य बदललं, वहीतले उर्दू आकडे मराठी झाले, काम तेच राहिलं. मी गेलो तेव्हा त्यांना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि नदीत ओंजळभर पाणी नव्हतं. बहात्तरचा तो दुष्काळ. तरी हा माणूस रोज तांबडं फुटायला सायकलवरून डोहाकडं जायचा, पट्टी बघायचा आणि परत आला की आक्का चुलीपासून विचारायची, "आज किती?"

"शून्य."

सव्वा वर्ष मी हा संवाद ऐकला. कधी हसू यायचं, कधी अंगावर काटा यायचा.

कुठलीही बातमी सांगा, त्यांचं उत्तर एकच असे: "बसू द्या." सरकार पडलं म्हणे. बसू द्या. अमक्याची सून पळाली. बसू द्या. गढूळ पाणी आणलं की गाळ खाली बसेपर्यंत हात लावायचा नाही, तसा बातमीचा गाळ बसू द्यायचा, असा त्यांचा कायदा. पण हा कायदा दुसऱ्यांच्या बातम्यांना होता. स्वतःवर नजर ठेवणाऱ्या माणसांचा त्यांना लगेच संशय यायचा, आणि खरं सांगायचं तर तसं वागून लोकांचा संशय तेच ओढवून घ्यायचे.

घराच्या मागं एक खोली होती. तिला कायम कुलूप. किल्ली आबांच्या करगोट्याला. ते आत गेले की आतून कडी लागायची. डोहावरून परतताना सायकलीच्या दांडीला एक चरवी लटकवलेली असे, तिच्यावर ओलं फडकं बांधलेलं. सायकल हातात धरून ते इतके सावकाश चालत यायचे की जणू आत तूप आहे. नदी कोरडी, मग चरवीत काय? गावानं ठरवलं, दारू. कुणी म्हणालं, सोनारीच्या भैरवाकडून काहीतरी आणून पुरलंय. त्यात भर म्हणजे हा माळकरी माणूस दर दोन दिवसांनी एक अंडं विकत घ्यायचा. दुकानदार मला डोळा मारून म्हणाला, "तुमचं मालक माळ काढून खात्यात का घालून?"

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या उन्हाळ्यात पाणी हसण्यावारी नेण्याची गोष्ट राहिली नव्हती. गावच्या आडाला तळाशी पाझर उरला होता. त्यात आमच्या आरोग्य खात्याचेच लोक रोगराई नको म्हणून ब्लीचिंगची पावडर टाकून जायचे. बैलगाडीवरून लोखंडी पिपं यायची, तीही पावडरीच्या वासाची. घरटी दोन घागरी. बायका पहाटेपासून रांगेत. आणि अशात आबांच्या मागच्या भिंतीला ओल आली. बाहेरून हातभर उंचीपर्यंत माती काळी पडली होती.

ती ओल आधी कुणाला दिसली माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सोसायटीचे चेअरमन पाच माणसं घेऊन ओट्यावर आले. चेअरमन तसा वाईट माणूस नव्हता. मोठा बागायतदार, आवाज मोठा, आणि गावात कुठंही गर्दी जमली की मधोमध उभं राहायची त्याला खोड.

"आबा, खोली उघडा," तो म्हणाला.

"कशापायी?"

"भिताडाला वल हाय. गाव तहानलंय. आत हौद हाय म्हणत्यात."

"कोण म्हणतंय?"

"गाव म्हणतंय."

"मग गावाला सांगा, हौद न्हाय." आबा दारात उभे राहिले. कमरेवरच्या हाताखाली किल्ली दाबून धरलेली मला दिसली. "आन् खोली उघडणार न्हाय. तुमी लेखी इत्तला द्या, पोलिस आणा, तवा बघू."

चेअरमन माझ्याकडं वळला. "तुमी सरकारी माणूस. साचलेलं पाणी बघायचं कामच हाय तुमचं. तुमी तरी आत जाऊन बघा."

आबांनी माझ्याकडं बघितलं. ती नजर मला अजून आठवते. त्यात विनंती नव्हती. हा आता काय करतो, एवढंच बघत होते. मी म्हणालो, "मला वरून आदेश नाही." लोक गेले. आबा पुन्हा ओट्यावर फडकी फाडायला बसले. मला वाटलं होतं, निदान 'बरं झालं' म्हणतील.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी मी फेरीवरून दुपारीच परतलो. वैशाखातली दुपार, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. आक्का रांगेत गेलेली. मी चप्पल काढली आणि मला पावसाचा आवाज आला. खरोखरचा. बारीक सर पत्र्यावर नाही, पाण्यावर पडावी तसा. मी बाहेर जाऊन आभाळ बघितलं. पांढरं फटक. आवाज मागच्या खोलीतून येत होता. मी दाराला कान लावला. सर पडायची, थांबायची, पुन्हा पडायची. मधूनच आबांचा आवाज, लाडीगोडीचा: "या बयांनो, या. आता आला बगा. या."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वस्तीवरची आत्या सत्तरीची असून आडात वाकून तळाचं पाणी वाटीनं घागरीत भरायची. आणि हा माणूस कडी लावून आत पाणी उडवत बसला होता! कुणाशी बोलत होता देव जाणे. मला त्या दिवशी तो वेडा वाटला नाही. लबाड वाटला.

मग मला ताप आला. थंडी वाजून, दात वाजवत. माझ्याच हातानं माझ्या बोटाला सुई टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं, तपासायला पाठवलं, आणि हिवताप निघाला. मलेरियावाल्याला मलेरिया. गाव महिनाभर हसलं. आमचे साहेब मात्र हसले नाहीत. जीपमधून उतरून म्हणाले, "दुष्काळात डास आले कुठून? तू राहतोस तिथंच बघ आधी."

खरं म्हणजे त्याआधी महिनाभर मी खडी फोडण्याच्या कामावर मजुरांचं रक्त घेत हिंडलो होतो. शेकडो माणसं, त्यात तापकरी. मला तो डास तिथंच चावला असणार. हे मला तेव्हाही कळत होतं. पण मला दुसरंच काहीतरी खरं ठरायला हवं होतं.

तीन दिवसांत मला ते सापडलं. आबा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला सकाळच्या एसटीनं भूमला गेले होते. आक्का पाण्याच्या रांगेत होती. परसात कडब्याच्या पेंढ्यांआड पत्र्याखाली एक फुटका रांजण होता. तळाशी चार तांबे हिरवं पाणी आणि त्यात डासांच्या अळ्या. थोड्याथोडक्या नाहीत, पाणी वळवळत होतं. नुसत्या साचल्या नव्हत्या, कुणीतरी त्या पाळल्या होत्या. पाण्यात मूठभर भुसा टाकलेला, वर पातळ फडकं बांधलेलं.

आमच्या कामातली पहिली शिकवण अशी की हिवतापाच्या डासाची अळी पाण्यावर आडवी पडते आणि साध्या डासाची अळी डोकं खाली करून लटकते. फडकं बाजूला केलं आणि मी वाकून बघितलं. सगळ्या लटकत होत्या. एकही आडवी नव्हती. त्यांचा माझ्या तापाशी काही संबंध नव्हता. मी क्षणभर थांबलो. मग खोलीतून तेलाचा डबा आणला आणि ओतलं. फडकं होतं तसं बांधलं.

का ओतलं? साहेबांचा हुकूम होता म्हणून, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. पण तसं नव्हतं. मला त्या माणसाच्या पाण्याला हात लावायचा होता.

तासाभरानं मी आत पडलो होतो. मागून आक्काची हाक आली. ती मला नावानं कधी बोलावत नसे, तेव्हाही बोलावलं नाही. "ओ मलेरिया! लौकर या! बगा ह्यांना काय झालं!"

मागची खोली सताड उघडी होती. भूमला जाताना आबांनी पहिल्यांदाच किल्ली बहिणीकडं दिली होती, दुपारचं खाणं घालायला. मी उंबऱ्याच्या आत गेलो. मला दिसला तो हौद नव्हता. फळीवर ओळीनं काचेच्या सात पेट्या होत्या, तारऑफिसातल्या जुन्या बॅटऱ्यांच्या, जाड हिरवट काचेच्या. प्रत्येकीत जेमतेम कळशीभर पाणी, तळाला नदीची वाळू, काथ्याचे झुपके, आणि मासे. दोन पेरांएवढे, चांदीच्या अंगाचे, अंगावर दोन काळे ठिपके. खाली जमिनीवर एक परात होती आणि तिच्यात तळाला बारीक भोकं पाडलेला पत्र्याचा डबा. त्या दुपारचा पाऊस तो.

पहिल्या पेटीत वेगळे मासे होते. लांबोडके, वाळूच्या रंगाचे, तोंडाला मिशा, कुशीवर पिवळी रेघ. सहा होते. ते सारखे तळापासून वर येत, पाण्यावर तोंड काढत, घोट घेत आणि वाकडे होऊन खाली जात.

"ह्या मुऱ्या," आक्का रडत म्हणाली. "ह्यांना वर येऊन वारा प्यावा लागतो. आत्ता वळवळे घातले फडक्यानं गाळून, तवापासून असं करायल्यात."

पाण्यावर पातळ रंगीत साय दिसत होती. अळीचा श्वास कोंडायला आम्ही जे तेल टाकतो, ते मुरीच्या पेटीत आलं होतं, आणि मुरी श्वासासाठी त्याच तेलात तोंड घालत होती. आक्कानं त्या अळ्या पहिल्या तीन पेट्यांत घातल्या होत्या.

"पाणी बदला," मी ओरडलो. "दुसरं पाणी कुठंय?"

"रांजणातलं चालत न्हाय. पावडरीनं मरत्यात म्हणतो आबा."

"मग ते कुठलं घालतात?"

"चरवीत आणतो. कुठून आणतो ते मला बी सांगत न्हाय."

माझ्या खोलीत माझी घागर भरलेली होती. मी म्हणालो, "माझ्याकडं वस्तीतल्या आडाचं आहे. त्यात कुणी पावडर टाकलेली नाही." खरंच टाकलेली नव्हती. वस्तीपर्यंत पावडर येता येता दर वेळी संपायची.

आक्कानं डोळे पुसले. एक क्षण ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "आणा."

मी घागर आणली, पातेल्यात ओतली. आक्का ओंजळीनं मासे काढून माझ्या पातेल्यात सोडत होती. त्या घाईत तिचे हात माझ्या हातांना कितीदा लागले, ते तिच्याही ध्यानात आलं नसेल. दोन पेट्यांतले ठिपकेवाले निम्मे वाचले. मुऱ्या मात्र एकेक करून उलट्या झाल्या. शेवटची बराच वेळ तरंगत राहिली, तोंड उघडत मिटत. मग तीही थांबली.

आबा चारच्या एसटीनं आले. मी ओट्यावरच उभा होतो. आत जाण्याआधीच मी मुऱ्या मेल्याचं सांगितलं. ते आत गेले, पहिल्या पेटीसमोर खाली बसले. मग त्यांनी पातेल्याकडं बोट केलं.

"हे पाणी कुठलं?"

"माझ्या घागरीतलं. वस्तीवरचं."

"मग चालतंय," ते म्हणाले. "म्या तेच आणतो."

आक्का दारात होती. वर्षभर रोज चरवी झाकून येत होती ती वस्तीवरच्या आडाची, हे तिला त्या क्षणी कळलं. मलाही. मी संध्याकाळी पाण्याला जायचो, आबा भल्या पहाटे. आत्या दोघांनाही पाणी द्यायची आणि एकाला दुसऱ्याचं सांगायची नाही. पुढं मी तिला जाब विचारला, तर म्हणाली, "त्यांनी सांगू नगं म्हणलं व्हतं. आन् तुमी इचारलं न्हाय."

मी आबांना म्हणालो, "रांजणात तेल मी ओतलं."

"ते वासावरनंच कळलं." त्यांनी मान वर केली. "वळवळे हिवतापाचे व्हते का?"

तीस वर्षं पाण्याकडं बघण्यात घालवलेला माणूस. त्याला आडवी अळी आणि लटकती अळी यांतला फरक माहीत नसेल?

"हो," मी म्हणालो.

ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "बसू द्या."

बस, एवढंच. ते कशाला म्हणाले, पेटीतल्या पाण्याला की माझ्या उत्तराला, हे मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवसापासून संशयाची दिशा फिरली. तोवर मी त्यांच्यावर पाळत ठेवत होतो. पुढं मला सारखं वाटू लागलं की या माणसाला सगळं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः चेअरमनला निरोप धाडला: मुआइना करा, येऊन तपासून जा. अर्धं गाव खोलीत येऊन गेलं. सात पेट्यांतलं पाणी सगळं मिळून सहा घागरी भरलं असतं, आणि ते सहा घागरींचं पाणी आबांनी वर्षभर पुरवलं होतं. मासे नव्या पाण्याच्या सरीशिवाय अंडी घालत नाहीत, म्हणून ते भोकाच्या डब्यातून सर पाडायचे, परातीत उपसून घ्यायचे आणि तेच पाणी पुन्हा वर ओतायचे. तेच तेच पाणी. शिंतोडे भिंतीवर उडायचे, त्याची ती ओल. अंडं उकडून त्याचा पिवळा बलक फडक्यातून पिळून, पापणीच्या केसाएवढ्या पिल्लांना ते भरवायचे. माळकऱ्याच्या अंड्याचा उलगडा झाला तेव्हा दुकानदार खाली बघत होता.

लोक हसले. मोकळं वाटल्याचं हसू होतं ते. पण कडेवर मूल घेतलेली एक बाई हसली नाही. ती म्हणाली, "आबा, सा घागरी म्हंजी माझ्या घरचं तीन दिसाचं पाणी. मासोळ्यांना?"

आबांनी तिला डोह सांगितला. तीस वर्षं त्या पट्टीपाशी बसून ज्या मासोळ्या बघितल्या, त्यांची नावं सांगितली. ठिपकेवाली ती टिकली. पिवळ्या रेघेची मुरी तर ह्या डोहाशिवाय वर-खाली कुठं दिसली नाही. डोह आटू लागला तेव्हा चिखलातून हातानं वेचून आणल्या. पाणी परत आलं की परत सोडायच्या. "न्हायतर नदी यील, आन् तिच्यात तिचं कुणीच नसंल," ते म्हणाले.

"आन् माझ्या लेकराचं काय?" बाईनं विचारलं.

आबांनी त्या लेकराकडं बघितलं. मग म्हणाले, "व्हय. ते बी खरं हाय."

त्यांच्याकडं याहून चांगलं उत्तर नव्हतं, आणि त्यांनी दुसरं देण्याचा प्रयत्न केला नाही. म्हणूनच कदाचित कुणी पेट्या फोडल्या नाहीत.

त्या पावसाळ्यात नदी आली. आबांच्या तोंडून 'शून्य'च्या जागी आकडे ऐकू येऊ लागले. आता सोडतील असं मला वाटलं. पण दुष्काळी कामांची उकरलेली माती वाहून येऊन डोह निम्मा भरला होता, आणि वरच्या नव्या पाझर तलावात सोसायटीनं बाहेरून माशांचं बीज आणून सोडलं होतं. चेअरमन उत्साहानं सांगायला आला, "आबा, किलोकिलोचे व्हत्यात! तुमच्या बोटभर टिकलीचं काय घिऊन बसलात?"

"तुमचे खायाचे हायेत," आबा म्हणाले. "माझे ऱ्हायाचे." चेअरमन गेल्यावर मला म्हणाले, "ते किलोचे खातील काय? हेच की."

म्हणून त्यांनी टिकल्या नदीत सोडल्या नाहीत. दुसरंच केलं. कुणावर विश्वास न ठेवणाऱ्या त्या माणसानं पेट्या वाटून टाकल्या. एक आत्याला दिली, एक ईटच्या शाळेच्या हेडमास्तरांना, एक, विश्वास बसणार नाही, त्या लेकुरवाळ्या बाईला. "एका खोलीत ठिवलं हीच चूक झाली," एवढंच म्हणाले. कुणामुळं ते बोलले नाहीत. अर्थात पेटी दिली म्हणून संशय गेला नव्हता. न सांगता केव्हाही दारात उभे राहायचे, पेटीपुढं बसून एकेक मासा मोजायचे आणि कमी भरला तर घरच्या मांजरीकडं रोखून बघायचे.

माझी बदली परांड्याकडं झाली तेव्हा एक पेटी माझ्या मांडीवर आली. मी म्हणालो, "आबा, मला नको. माझ्याकडून एकदा झालंय."

"म्हणूनच," ते म्हणाले. "तुमी आता जपचाल."

मुरीची आठवण त्यांनी माझ्यासमोर कधी काढली नाही. तशी पिवळ्या रेघेची मुरी मी पुढं नोकरीभर, जिथं जिथं पाणी बघितलं तिथं तिथं शोधली. एकदाही दिसली नाही. असेलही कुठं. टिकल्या मात्र माझ्याकडं वाढल्या. पुढं बरीच वर्षं होत्या, त्यांच्या पोरांची पोरं. आबा गेल्याचं मला दोन महिन्यांनी पत्रानं कळलं. आक्कानं कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं, आणि खाली एक ओळ होती: आत्याकडच्या पेटीत आता पन्नासएक झाल्या आहेत.

त्याआधी एकदाच ते माझ्याकडं आले होते. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. दुपारच्या एसटीनं उतरले, न कळवता. घरात आले ते थेट पेटीपाशी. बायको नवखी, तिनं मी सांगितलेलं सगळं ऐकलेलं. मी तेल ओतलं ते, आणि आक्का वरून ओंजळीत पाणी द्यायची ते पण. ती आतून तांब्याभर पाणी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरून उभी राहिली. मला कळत होतं ती काय बघतेय. मीही तेच बघत होतो.

आबांनी तांब्या घेतला. उजेडाकडं धरला, आत बघितलं, थोडं हलवून तळाला काही बसतंय का ते बघितलं. मग शांतपणे सगळं पाणी टिकल्यांच्या पेटीत ओतलं.

"पाणी ब्येस हाय," ते म्हणाले. "पावडर न्हाय."

बायकोनं माझ्याकडं बघितलं. मग त्यांना विचारलं, "अजून आणू का?"

"आणा."

ती आत गेली. तेवढ्यात बाहेर परतीच्या एसटीचा हॉर्न वाजला. ती चुकली तर दुसऱ्या दिवशीपर्यंत गाडी नव्हती. मी तसाच अनवाणी रस्त्यावर पळालो, हात करून ड्रायव्हरला थांबवून धरलं. आबा पाठोपाठ आले, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत. घामही असेल. चढले, खिडकीतून म्हणाले, "सात टिकल्या हायेत. पुढच्या टायमाला मोजीन." आणि गाडी गेली.

घरात आलो तर तांब्या रिकामा, पेटीजवळ पालथा ठेवलेला.

"प्याले," बायको म्हणाली. "घटाघटा प्याले. मी बघितलं."

पेटीतलं पाणी मघापेक्षा वर आलंय का, ते मी निरखून बघितलं. मला काही ठरवता येईना. बायको माझ्याकडं बघत होती. ती खोटं बोलणारी बाई नाही. पण माझं मन राखायला तिनं आयुष्यात एखाददुसरी गोष्ट सांगितलेली आहे, आणि ही त्यातली आहे का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.